कपाटाची किल्ली

ठकी परदेशातल्या एका संस्थेत शिकाऊ म्हणून गेली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण सभांना बसू, योजना आखू, निदान लोकांची दुःखं तरी ऐकून घेऊ. संस्थेने तिच्या हातात पिशव्या दिल्या. जुन्या कपड्यांच्या. लोकांनी दिलेले कपडे निवडायचे, धुवायचे, इस्त्री करायची आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी दांडीवर टांगून ठेवायचे.

"समाजसेवा शिकायला गेलीस आणि झालीस धोबीण," बाबा फोनवर म्हणाले आणि स्वतःच हसले. आई गेल्यापासून ते हसले की ठकी फोन कानाशी घट्ट धरायची, हसू किती टिकतंय ते बघायला. फार टिकायचं नाही.

कागदोपत्री तिचं नाव भारदस्त होतं, पण घरात ती लहानपणापासून ठकीच.

कपड्यांची खोली एक दणकट बाई सांभाळायच्या. ठकीने मनातल्या मनात त्यांचं नाव मुकादमीण ठेवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी लांबलचक टेबलावर एक पिशवी रिकामी केली आणि काम दाखवलं.

"आधी खिसे. मग बटणं. मग उजेडाला धरून डाग बघायचे. आणि एक लक्षात ठेव, कपड्याला नाक लावायचं नाही."

"का?"

"नाक लावलंस की आतलं माणूस दिसायला लागतं. मग दिवसभरात एक पिशवी उरकत नाही."

खिशांतून काय काय निघायचं. अर्धी चघळून कागदात गुंडाळलेली गोळी, दात पडलेला कंगवा, बसचं तिकीट, कुणाच्या तरी चष्म्याची काडी. हे सगळं खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात जायचं. त्या डब्याचं पुढे काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण फेकायला कुणाचा हात होत नसे.

ठकी कामात तयार झाली. हात चालवायचा, नाक चालवायचं नाही. बऱ्याच पिशव्या गेलेल्या माणसांच्या असायच्या, ते घड्यांवरूनच कळायचं. नकोसे झाले म्हणून टाकलेले कपडे कुणी इतक्या नीट घड्या करून देत नाही.

आणि तिकडे घरी आत्याने लकडा लावला होता. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचं म्हणणं, भावजयीचं कपाट आता रिकामं करू या. हा बाप्या माणूस रोज त्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसतो, हे काय बरं आहे? मी शनिवारी येते, सगळं काढते, धुऊन इस्त्री करून गरजूंना देऊन टाकते. बाबा हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. शेवटी आत्याने ठकीलाच फोन केला, आणि ठकीने बाबांना.

"बाबा, देऊन टाका ना. इथे रोज लोक देतात. कुणाच्या तरी अंगावर चढतात ते कपडे. तुम्हालाही मोकळं वाटेल."

बाबा म्हणाले, "तुला चालेल?"

"मला काय, चालेल की."

ती हे इतकं सहज बोलली की तिचं तिलाच बरं वाटलं. आपण मोठ्या झालो असं वाटलं.

त्याच आठवड्यात एक आजोबा संस्थेत आले. टोपी हातात, दाढी अर्धवट केलेली. आदल्या आठवड्यात त्यांनी बायकोचे कपडे दिले होते. त्यातला एक स्वेटर परत हवा होता. हिरवा, डाव्या कोपराला निळ्या लोकरीने रफू केलेला.

"हिरवी लोकर संपली होती," ते म्हणाले. "मी दुकानात जातो म्हटलं, तर म्हणाली, निळ्याला काय काटे आहेत?"

दिलेलं परत करायचं नाही असा संस्थेचा नियम होता. मुकादमीणबाईंनी आजोबांकडे बघितलं, मग ठकीकडे. "शोध," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही शनिवारी सकाळी या."

न धुतलेल्या ढिगाच्या तळाशी तो सापडला. गळ्यापाशी मळलेला, एक बटण तुटलेला. ठकीच्या मनात आलं, म्हाताऱ्या माणसाच्या हातात असा कसा द्यायचा? यंत्रात टाकला तर आटेल, म्हणून तिने तो कोमट पाण्यात हाताने धुतला. टांगला तर ताणला जाईल, म्हणून टॉवेलवर सपाट पसरून वाळवला. बटणांच्या बरणीत हात घालून घालून जोडीचं बटण शोधलं आणि शिवलं. शेवटी पांढऱ्या कागदात गुंडाळला. इतकं मन लावून तिने तिथे आल्यापासून काहीच केलं नव्हतं.

शनिवारी आजोबा आले. त्यांनी कागद उघडला, टोपी टेबलावर ठेवली आणि स्वेटरमध्ये तोंड घातलं.

बराच वेळ ते तसेच उभे होते. मग त्यांनी गळा उलटा करून तिथे नाक लावलं. मग काखेत. मग रफूवर.

"धुतलात?"

"हो. हाताने धुतला, अगदी स्वच्छ."

"छान झालाय," आजोबा म्हणाले. "अगदी नव्यासारखा." त्यांनी तो परत कागदात ठेवला, टोपी घातली. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "बटणही लावलंत. तिथलं काज रिकामं असायचं. टीव्ही बघताना ती त्यात बोट घालून बसायची." जणू ठकीला हवी असलेली एखादी माहिती सांगायची राहून जायला नको, एवढ्यापुरतं सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि गेले.

ठकीने बटणांच्या बरणीला झाकण लावून ती बाजूला सरकवली.

"तू कामाप्रमाणेच केलंस," मुकादमीणबाई म्हणाल्या.

"पण हे काम नव्हतं ना, बाई."

घरून निघताना सामानाचं वजन जास्त भरत होतं म्हणून ठकीने आईचं काहीच बरोबर घेतलं नव्हतं. तेव्हा वाटलं होतं, कपाटात आहेच की सगळं. आल्यावर काढू, नाक खुपसू, रडायचं ते रडू. आणि आज शनिवार होता.

मागच्या दाराच्या पायरीवर येऊन तिने फोन लावला. आत्यानेच उचलला.

"काय गं, बरी आहेस ना?"

"आत्या, कपाट..."

"कसलं कपाट! तुझ्या बापाने किल्ली हरवली. सकाळपासून शोधतेय. गाद्या उलट्या केल्या, पिठाचा डबा पालथा घातला. आणि हा आपला ढिम्म. कुलूपवाला बोलावलाय, येईलच आता."

"त्याला परत पाठव. काही काढू नकोस. धुऊ तर मुळीच नकोस."

"अगं, तूच म्हणालीस ना!"

"मीच म्हणाले. आता मीच नको म्हणतेय."

"बापलेकीचं कधी एक काही ठरेल तर शपथ! त्या माणसाला काय चहा पाजून परत पाठवू? घे, बोल तुझ्या बापाशी. मी जाते खाली."

आत्याच्या चपलांचा आवाज लांब गेला. ठकीने विचारलं, "बाबा, किल्ली कुठाय?"

बाबांनी आवाज खाली आणला. "मोज्यात."

"कुठल्या मोज्यात?"

"पायातल्या. सकाळपासून टोचतेय."

ठकीला हसूही आलं आणि दुसरंही काही. "मग मला नाही म्हणायचं होतंत ना."

"तू चालेल म्हणालीस. मला वाटलं, पोरीला ते ओझं होतंय. होत असेल तर देऊन टाकावं, असं ठरवलंही होतं. पण सकाळी मोजे घालताना गेली आत."

"उघडा ना, बाबा. मी आहे फोनवर."

किल्ली फिरली. वरची बिजागरी करकरली. तिला तेल घाला म्हणून आई किती वर्षं मागे लागली होती.

"तिची राखाडी शाल आहे का समोर? वास येतोय?"

बाबांनी श्वास घेतला. तो फोनमधून नीट ऐकू आला.

"येतोय."

"कसला?"

बाबांना असलं काही बोलायची सवय नव्हती. "डांबरगोळ्यांचा. केसांच्या तेलाचा थोडा. आणि... थांब." पुन्हा एक लांब श्वास. "ते नाही सांगता येत गं, ठके. ते तू येऊनच घे."

"अजून पाच महिने आहेत. तोवर राहील?"

"बंद ठेवलं तर राहील. आता लावून टाकतो. उगाच उडून जायचा."

"आणि तुम्ही? तुम्ही रोज..."

"मी बाहेरच बसतो की," बाबा म्हणाले. "दार बंद असतं. तू येईपर्यंत नाही उघडायचो."

बिजागरी पुन्हा करकरली, किल्ली फिरली. ठकी पायरीवर बसून ऐकत होती. मागून आत्याचा आवाज आला, "अरे, ही किल्ली कुठून उगवली? आणि तुझ्या एकाच पायात मोजा कसा?"

बाबा हसले. आतून मुकादमीणबाई हाक मारत होत्या, नवी पिशवी आली होती. ठकीने फोन कानाशी घट्ट धरला आणि ती जागची हलली नाही.