कोट चढला की मिठी बंद

अहो, इकडे! दारामागच्या खुंटीकडे बघा. राखाडी रंग, झिजलेली कोपरं, खालून दुसरं बटण भलत्याच रंगाचं. हो, तोच. मीच बोलतोय. कोटाला तोंड नसतं म्हणतात, पण ऐकायला अख्खं अस्तर असतं की! वीस-बावीस वर्षं अळीमिळी गुपचिळी करून बसलो, आज मात्र बोलणार. तसंही आम्हा कोटांचा जीव कायम टांगणीलाच.

माझा जन्म एका डावऱ्या शिंप्याच्या मशीनवर झाला. बाई, म्हणजे माझी मालकीण, दुकानात आली तेव्हा तिच्या कडेवर तान्हं होतं आणि बोटाला धरून चार वर्षांची लेक. घरात तिला सगळे पिटुकली म्हणायचे. बाई इमारतींचे नकाशे काढायची. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि सोमवारी कामावर रुजू व्हायचं होतं.

"रंग कोणता, ताई?" शिंप्याने विचारलं.

"ज्यावर दूध दिसणार नाही तो."

"कापड?"

"घरी धुता येईल असं. इस्त्रीची कटकट नको. बाह्या सैल, म्हणजे वर सारता येतील. बाहेर दोन मोठे खिसे, आत एक."

शिंप्याने टेप गळ्यात टाकली. "ताई, कोट शिवायचाय की किल्ला बांधायचाय?"

"दोन पोरं आणि एक ऑफिस. किल्लाच लागेल," बाई म्हणाली आणि दोघंही हसली.

शिंपी मनापासून शिवायचा, पण एक घोटाळा करून बसला. आतला खिसा डावीकडे असतो. उजवा हात सरळ तिथे जातो, म्हणून. या डावऱ्याने तो स्वतःच्या हाताच्या सोयीने उजवीकडे शिवला, तोही इतका बेमालूम की अस्तरात दिसूच नये. बाईने घरी येऊन डावीकडे चाचपलं, काही लागलं नाही. "विसरला वाटतं मेला," म्हणाली. भांडायला जायला वेळ कुणाला होता? काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. खिसा अक्षरशः तिच्या काखेत होता आणि तिला इतकी वर्षं पत्ता नाही.

आमच्या घरातल्या सकाळी काय सांगू! नवरा छापखान्यात, त्याची पाळी पहाटेची. दुपारी तोच पोरांना पाळणाघरातून आणायचा, पण सकाळी बाई एकटी. तान्ह्याला पाजायचं, डबे भरायचे, पिटुकलीची वेणी घालायची, एका हाताने नकाशांची गुंडाळी शोधायची. तान्हं रडलं की त्याचा नंबर पहिला, घड्याळाचा दुसरा. पिटुकली शहाणी होती. शहाण्या पोरांचा नंबर शेवटचाही लागत नाही, तो नुसता पुढे ढकलला जातो.

म्हणून ती निघतानाची वेळ पकडायची. बाईने मला अंगात चढवलं की धावत येऊन मागून मिठी मारायची. खरं सांगतो, त्या मिठीसाठी मी खुंटीवर रात्र काढायचो. दोन बारकी मनगटं, गरम श्वास, आणि हातांना हमखास काहीतरी लागलेलं.

एके दिवशी केळं लागलेलं होतं.

त्या दिवशी बाईला बड्या लोकांसमोर नकाशा समजावून सांगायचा होता. महिनाभर खपली होती त्यावर. बोलायला सुरुवात केली, भिंतीवरच्या नकाशाकडे वळली, आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला घरूनच पाठीवर शाबासकी मिळालेली दिसते." माझ्या पाठीवर पाचही बोटं उठली होती, वाळलेल्या केळ्याची. सगळे हसले. बाईसुद्धा हसली. मग स्वच्छतागृहात जाऊन तिने मला ओल्या रुमालाने खसाखसा पुसलं आणि रडली. बोटं निघाली. तिला लागलेलं मात्र निघालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात कायदा झाला. "हे बघ पिटू, कोट घालायच्या आधी हव्या तेवढ्या मिठ्या. पण कोट चढला की मिठी बंद!"

बोलायला सोपं हो. कोट घालायच्या आधी बाईला सवड असायची कुठे! पिटुकलीने मात्र कायदा पाळला. मी अंगात चढलो की ती एक पाऊल मागे सरायची आणि हात पाठीमागे बांधून उभी राहायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला मळायचं होतं हो! दूध दिसू नये म्हणून तर माझा रंग निवडलेला, मग केळ्याला काय घाबरायचं? पण कोटाचं कोण ऐकतं?

आता दोरीचं सांगतो. बाईच्या पिशवीत कायम पांढऱ्या सुती दोरीचं बंडल असायचं. "पट्टी पोचत नाही तिथे दोरी पोचते," ती म्हणायची. गोल खांब, वाकड्या भिंती ती दोरीने मापायची आणि माप संपलं की गाठ मारायची. तिचं बघून पिटुकलीही घरभर मापं घेत हिंडायची. बादली मापली, बाबांचं पोट मापलं, तान्ह्याचं डोकं मापलं.

एका रविवारी दुपारी मी खुर्चीच्या पाठीवर होतो. पिटुकली जमिनीवर पालथी पडली, दोन्ही हात पसरले आणि खडूने बोटांपाशी एकेक रेघ ओढली. मग उठून एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत दोरी टाकली आणि बोथट कात्रीने कुरतडून कापली. दोन्ही टोकांना पाच पाच गाठी मारल्या. जीभ बाहेर काढून, तासभर खपून. माझी उजवी बाजू तिच्याकडे होती. अस्तर चाचपता चाचपता तिला तो खिसा सापडला. आख्ख्या घरात तिलाच! दोरीची गुंडाळी तिने आत सरकवली आणि माझ्या कॉलरला तोंड लावून म्हणाली, "ही माझी मिठी आहे. आईला ऑफिसात दे. हात पुसलेत मी."

थोड्या वेळाने बाबांनी जमिनीवरच्या रेघा पुसून टाकल्या. वर ओरडा मिळाला तो वेगळाच.

दुसऱ्या संध्याकाळी बाई दारात बूट काढत होती. पिटुकली समोर येऊन उभी राहिली. "मिळाली का?"

आता ऐका, घोळ कसा झाला. पिटुकलीची शाळा सुरू व्हायची होती आणि पहिल्या दिवशी बरोबर राहायचं बाईने कबूल केलं होतं. त्यासाठी ती साहेबांकडे सुट्टी मागत होती. तिला वाटलं, पोरगी सुट्टीचं विचारतेय.

"नाही गं राणी. साहेब नाही म्हणाले."

पिटुकलीचं तोंड एवढंसं झालं. "साहेबांचं काय जातं?" ती पुटपुटली. हाच प्रश्न चार दिवस, हेच उत्तर चार दिवस. खिसा उघडून बघावं असं पिटुकलीच्या मनात आलं नाही. एकदा दिलेली मिठी कुणी परत तपासतं का? मी मात्र आतून ओरडत होतो, अगं बाई, उजवीकडे! उजवीकडे हात घाल!

पाचव्या दिवशी बाई जिन्यातूनच ओरडत आली, "पिटू, मिळाली! मिळाली गं!"

पिटुकलीने टाळ्या पिटल्या. "आवडली?"

"न आवडायला काय झालं? छोटीशीच आहे, पण मिळाली ना!"

"माझे हात छोटे आहेत म्हणून," पिटुकली म्हणाली. पण तेवढ्यात तान्हं रडलं आणि बाई आत धावली. पिटुकली खूश. पुन्हा तिने कधी विचारलं नाही.

दोरी माझ्यात राहिली. धुताना बाईच्या हाताला गोळा लागायचा. तिला वाटायचं, शिंप्याने आत जादा कापड दुमडलंय.

वर्षं गेली. बाई ऑफिसची मुख्य झाली, नवे कोट आले, मी कपाटात गेलो. तान्ह्याला मिशा फुटल्या, तेही शिकायला बाहेर गेलं. पिटुकली तर लांबच्या शहरात, तिचं स्वतःचं ऑफिस आणि स्वतःचा कोट. दर रविवारी फोन असतो. कपाटाच्या फटीतून मला बाईचा आवाज ऐकू येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "मिळाली का?" आता ती सुट्टीचंच विचारते. मग म्हणते, "बरं बरं, पुढच्या महिन्यात बघ." फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ती तिथेच बसून राहते. आठ महिने झाले पोरीला बघून. बाईला किती आठवण येते, ते मला विचारा. मलाही तेवढीच येते.

गेल्या रविवारी बाई जुने कपडे देऊन टाकायला काढत होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, पाय घसरून पडली होती. त्यामुळे खिसे डाव्या हाताने तपासत होती. आणि डावा हात गेला की हो सरळ उजवीकडे! डावऱ्या शिंप्या, तुझं भलं होवो.

बाईने दोरी उलगडली, गाठी मोजल्या आणि फोन स्पीकरवर लावला.

"आई, आधीच सांगते, सुट्टी नाही मिळाली," पलीकडून पिटुकली म्हणाली.

"सुट्टीचं नाही गं. माझ्या जुन्या राखाडी कोटात दोरी सापडली. दोन्ही टोकांना पाच पाच गाठी. मी नाही अशा गाठी मारत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग हसू. "अय्या, अजून आहे ती? आई, ती माझी मिठी!"

"काय?"

"कोट चढला की मिठी बंद असायची ना, म्हणून मापून ठेवली होती मी. पाच बोटं या हाताची, पाच त्या हाताची. तुला मिळाली होती की तेव्हा! ओरडत आली होतीस जिन्यातून."

बाईने दोरी मुठीत घट्ट धरली.

"नाही गं, राणी," ती म्हणाली. "ती सुट्टी होती. ही आत्ता मिळाली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "सोमवारी पुन्हा मागते सुट्टी," पिटुकली म्हणाली.

फोन ठेवून बाईने मला अंगात चढवलं, प्लास्टरची बाजू नुसती खांद्यावर. नवऱ्याला हाक मारली, "हे टोक धरा जरा." दोरी तिच्याभोवती फिरवली. चार बोटं कमी पडली.

"जाड झालीस," नवरा म्हणाला.

"नाही हो," बाई म्हणाली. "पोरगी लहान होती."

जुन्या कपड्यांचं गाठोडं गेलं, मी राहिलो. आता दारामागे खुंटीवर आहे, दोरी आतल्या खिशात. जिन्यात पाऊल वाजलं की माझ्या बाह्या ताठ होतात. सोमवार कालच झाला, साहेबांचं उत्तर अजून यायचंय. साहेबलोकहो, तुमच्यापैकी कुणी ऐकत असाल तर द्या हो तिला सुट्टी. तुमचं काय जातं?

आणि ती आलीच, तर बाईला माझा एवढा निरोप सांगा. दार उघडायच्या आधी मला अंगात चढव म्हणावं. पोरीचे हात धुतलेले नसले तरी चालतील.