डाग तिचे की माझे

"आठ दिवसांत सूज उतरली नाही, तर अर्धी मिशी भर चौकात कापून घेईन," सलूनवाले मिशीमामा म्हणाले.

"आणि उतरली, तर महिनाभर रोज तुमच्या मिशीला सलाम ठोकीन," समोरच्या टेलरबाई म्हणाल्या.

"पण मधे दवाखाना नाही हं. डॉक्टरकडे नेली की तुम्ही हरलात."

"नाही नेत. घाबरते काय कुणाला?"

सूज होती बॉबिनच्या नाकावर. बॉबिन ही टेलरबाईंची मांजर. मामा म्हणत होते, माशी चावलीय. बाई म्हणत होत्या, हे काहीतरी वेगळंच आहे. एवढं कळत होतं, तरी हट्टापायी बाईंनी तिला दवाखान्यात नेलं नाही.

मित्रांनो, हे सगळं मी खिडकीतून ऐकलं. त्याच चौकातल्या जनावरांच्या दवाखान्यातला मी एक म्हातारा मायक्रोस्कोप. काळा रंग, पितळी स्क्रू, तीन भिंगं. एके काळी पिसवेचा पाय बघायला आख्खी गल्ली माझ्यापुढे रांग लावायची. मग नमुने मोठ्या लॅबला जायला लागले आणि माझ्या डोक्यावर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी आली. पावसाळ्यात आत ओल धरली. भिंगाच्या कडेला बुरशी लागली. तिचा आवाज येत नाही. ती नुसती पसरते.

चौथ्या दिवशी मामांनी बॉबिनला कुरवाळलं आणि हळूच खिशातली ट्यूब काढली. सलूनमधलं खाजेचं मलम. कुणी बघत नव्हतं. मी बघत होतो. पण मला कोण विचारतं?

सूज उतरली. दोन दिवस मामा मिशीला पीळ देत फिरले. सातव्या दिवशी बॉबिनच्या श्वासाची शिट्टी रस्त्यापलीकडे ऐकू यायला लागली. आठव्या दिवशी बाई तिला अर्धवट शिवलेल्या झग्यात गुंडाळून धावत आल्या. मागोमाग मामाही आले. बॉबिनची मान एका बाजूला कलली होती.

डॉक्टरताईंनी नाकातलं पाणी काचेवर घेतलं. "लॅबला पाच दिवस लागतील. एवढा वेळ नाहीये हिच्याकडे." त्यांनी माझी पिशवी ओढली. जंतू उठून दिसावेत म्हणून काचेवर काळ्या शाईचा थेंब टाकला आणि डोळा लावला.

"छे, भिंगालाच बुरशी लागलीय." पुसलं, तरी डाग तसेच. त्या मला बाजूला सारणार, इतक्यात त्यांचं बोट काचेला लागलं आणि काच जराशी सरकली.

काही डाग जागेवरच राहिले. ते माझे. काही काचेबरोबर सरकले. गोल गोल, प्रत्येकाभोवती पांढरं वलय. ते तिचे.

"हिच्या नाकातही बुरशीच आहे. ती कबुतरांच्या विष्ठेत असते. मांजरांना क्वचित होते," डॉक्टरताई हळू आवाजात म्हणाल्या. "नाकातून शिरलीय, आता मेंदूकडे निघालीय. कुणी काही लावलं होतं का?"

मामा दारातच उभे होते. "मी. खाजेचं मलम."

"त्यात स्टेरॉइड असतं, मामा. वरची सूज बसते आणि आत बुरशी माजते."

टेलरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ही गेली तर तुमच्या मिशीचं मी काय करू, मामा? आणि माझ्या हट्टाचं?"

सहा महिने रोज औषध. बॉबिनचे पंजे धरायला रोज मामा. त्यांच्या हातांवर ओरखड्यांचा नकाशा झाला. दोनदा तिने खाणं सोडलं, तेव्हा सलूनला कुलूप. माझी भिंगं साफ झाली. दर महिन्याला सरकणारे डाग कमी होत गेले. एका सकाळी काच कोरी दिसली.

मामांनी स्वतःच सलूनची खुर्ची चौकात आणली. बॉबिन त्यांच्या मांडीवर. सगळी गल्ली जमली.

"पूर्ण कापा, बाई. चोरून मलम लावलं, तिथेच मी हरलो."

"पैज अर्धीची होती." टेलरबाईंनी कापडाची मोठी कात्री चालवली. "उरलेली महिनाभर तशीच ठेवायची."

मित्रांनो, पैजा खुशाल लावा, मिशीच्या लावा, टोपीच्या लावा. दुसऱ्याच्या श्वासावर लावू नका. आणि आमच्यासारख्यांना ओलीत झाकून विसरू नका. माझ्या एका भिंगाच्या कोपऱ्यात एक बारीक धागा अजून आहे.

गल्ली हसत होती. मामा मात्र मान वर करून सलूनच्या छपराकडे बघत होते. तिथे कबुतरं घुमत होती.