पहिल्या चौकटीतला श्री

कागद हातात आला की आधी माथ्यावर श्री लिहायचा, मग बाकीचं. किराण्याची यादी असो नाहीतर लग्नाची. साठ वर्षांची सवय माझी, ती इंग्लंडात, स्लाऊला आले म्हणून थोडीच सुटणार! त्यामुळे दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायला ऑनलाइन पेमेंटचं खातं उघडलं, तेव्हा फॉर्मच्या सगळ्यात वरच्या चौकटीत, न वाचताच, मी इंग्रजीत श्री टाइप केला. ती चौकट निघाली धंद्याच्या नावाची. ‘श्यामलाज फराळ’ हे ऐटीत ठरवलेलं नाव राहिलं बाजूला.

तेव्हापासून त्यांचा प्रत्येक मेल ‘हॅलो, श्री’ असा सुरू व्हायचा आणि माझा मुलगा पुष्कर दरवेळी खो खो हसायचा. तो सॉफ्टवेअरवाला, म्हणजे घरातल्या सगळ्या स्क्रीनवर त्याचीच मालकी. “आई, नाव बदलून देतो,” म्हणून महिनाभर मागे लागला होता. मी म्हटलं, राहू दे, माझं काही अडत नाही.

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. पुष्कर घरूनच काम करत होता आणि मी चकलीची भाजणी चाळत होते. माझी दहा वर्षांची नात दिया माझा फोन घेऊन स्वयंपाकघरात आली.

“आजी, तुझा मेल आली. सगळं रेड आहे.”

तुमच्या खात्यात कुणीतरी शिरायचा प्रयत्न केलाय, असं त्यात म्हटलं होतं. चोवीस तासांत खालचं बटण दाबून पासवर्ड टाका, नाहीतर खातं बंद आणि पैसे अडकले. वर चिन्हही अगदी त्या कंपनीचंच. खात्यात अकराशे चाळीस पौंड होते, बेचाळीस घरांनी आगाऊ भरलेले. जन्मभर आधी नवऱ्याच्या, मग मुलाच्या पैशांवर घर चालवलं. हे माझे स्वतःचे पहिले. मी तिथूनच पुष्करला हाक मारली.

पुष्कर कानातले हेडफोन गळ्यात अडकवून धावत आला. “दे इकडे. लॉग इन करून टाकू, टू मिनिट्सचं काम आहे. पासवर्ड सांग.”

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. लहानपणापासून असाच.

“थांब. मला वाचू दे.”

“अगं, वाचायचंय काय त्यात? माझी मीटिंग चालू आहे!”

मी चष्मा लावला. ‘डिअर श्यामला,’ पहिलीच ओळ. ती मी दोनदा वाचली.

“हे ते लोक नाहीत.”

“म्हणजे?”

“ते मला श्री म्हणतात.”

पुष्करचं बोट तसंच हवेत राहिलं. मग त्यानं मेल पाठवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारली. खालून खरा पत्ता निघाला, नुसत्या अक्षरांची आणि आकड्यांची खिचडी. त्याचा चेहरा पडला.

“फिशिंग आहे, आई. तुझ्या ईमेलच्या पत्त्यात श्यामला आहे ना, तिथून नाव उचललंय. पासवर्ड टाकला असता तर...”

“तर चकल्या मी तळल्या असत्या आणि खाल्ल्या असत्या चोरांनी.”

त्या बटणाला मी हातही लावला नाही. पेमेंटवाल्यांचा पत्ता स्वतःच्या बोटांनी, एकेक अक्षर बघत टाइप केला आणि आत गेले. अकराशे चाळीस. पेनीही हलली नव्हती आणि धोक्याची सूचनाबिचना काही नव्हती. इतका आनंद मला मॅट्रिकच्या निकालालाही झाला नव्हता, खरं सांगते!

दिया आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. “बाबा, पण तू ऑफिसमध्ये फिशिंगची ट्रेनिंग देते ना?”

पुष्कर म्हणाला की त्याची मीटिंग आहे.

संध्याकाळी चकल्यांच्या वासानं तो बरोब्बर स्वयंपाकघरात आला. “आई, ते नाव बदलू नको हं.”

“मी कधी बदलणार होते?”

पहिली चकली मी देवापुढे ठेवली. दुसरी दरवर्षी पुष्करची असते. ती मी उभ्या उभ्या, त्याच्यादेखत खाल्ली.