मृणालीच्या मेंदूची दोन चित्रं

मित्रांनो, मी एक जुना पेट स्कॅनर आहे. जहाजातून उरणच्या बंदरात उतरलो आणि खाडीकाठच्या एका इस्पितळात आलो. माझ्या पोटात स्फटिकांचं कडं आहे. माणसाच्या शिरेत किरण सोडणारं थोडंसं औषध टोचतात. ते मेंदूतल्या ग्राहींना, म्हणजे रसायनांचे निरोप झेलणाऱ्या इवल्याशा जागांना, जाऊन चिकटतं. तिथून निघालेले किरण मी टिपतो आणि पडद्यावर चित्र उमटतं; जिथे औषध जास्त चिकटतं, तिथे उजेड जास्त.

आलो तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला, फार कौतुक झालं. पण मेंदूच्या अभ्यासासाठी यायचे ते सगळे पुरुष. बायकांचं शरीर महिनाभरात बदलतं, मोजमाप बिघडतं, म्हणून त्यांना घ्यायचं नाही, असा तिथला रिवाजच होता. मग डॉक्टर सुचिता आल्या. त्या म्हणाल्या, जे बदलतं तेच बघायचं आहे.

मृणाली त्यांच्याकडे आली ती सासू काशीबाईंबरोबर. पूर्वीची मिठागरातली माणसं. आता घरचे ट्रक होते. सून हसतमुख, पण पाळीच्या आधीचे काही दिवस पार खचायची. भाकऱ्या थापता थापता रडायची, जगणंच नको म्हणायची. पाळी आली की पुन्हा पहिल्यासारखी. घरात कुणी नाटक म्हणे, कुणी बाहेरची बाधा. तिला कायमची माहेरी धाडायचं बोलणं सुरू झालं होतं.

पाळी संपल्यावर ती माझ्या पोटात झोपली, आणि पुढची जवळ आल्यावर पुन्हा. दुसऱ्या वेळी तिचे डोळे गळत होते, तरी ती जराही हलली नाही.

दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. बाई तीच, डोकं तेच. पण पहिल्या चित्रात जिथे मंद उजेड होता, तिथे दुसऱ्यात लखलखाट. मी कितीतरी मेंदू पाहिले होते, पण त्या दिवशी थक्क झालो. आत एवढी उलथापालथ चालते आणि ही बाई वरून घर सांभाळत असते!

एका चित्रावरून आजार ठरत नाही, अजून पुष्कळ बायका तपासायच्या आहेत, असं सुचिताबाईंनी समजावलं. पण हिचा मेंदू बदललेला तर दिसतोच आहे, असंही त्या म्हणाल्या.

काशीबाई पडद्यासमोरून हलेनात. “मंजे ही नाटका नाय करीत,” त्या हळूच म्हणाल्या. मग सुनेकडे वळून, “मना पन असाच व्हायचा. कोनी इचारला नाय.”

मृणालीने त्यांचा हात धरला.

माहेरी धाडायचं बोलणं काशीबाईंनीच बंद पाडलं. उपचार सुरू झाले. पुढे तपासणीला आली तेव्हा मृणाली सांगत होती, कठीण दिवस अजून येतात. पण तेव्हा सासू स्वयंपाक स्वतःकडे घेते आणि तिला उठवत नाही.

आता माझे स्फटिक मंदावलेत. शेजारच्या खोलीत नवं यंत्र आलंय, माझ्यावर चादर पडलीय. त्याच्या दारातल्या बाकावर बाया आणि पुरुष दोघंही बसलेले असतात, त्यांचे आवाज ऐकून बरं वाटतं. मित्रांनो, मोजायला अवघड म्हणून कुणाला वगळू नका. आणि घरातली बाई तिचं दुखणं सांगेल, तेव्हा माझ्यासारख्या यंत्राच्या चित्रासाठी थांबू नका. तिचं ऐका.