ड्रॉइंगची मॅडम

धाकटीने कॉलेज बदललं ते थेट तिसऱ्या वर्षाला. आईची बदली झाली, घर हललं, आणि वसतिगृहात एकटं राहण्यापेक्षा नव्या गावातलं इंजिनिअरिंग कॉलेज बरं, असा तिनेच हट्ट धरला. आठवडाभर ऑफिसच्या खिडक्यांपुढे चपला झिजवल्यावर हेडक्लार्क बाईंनी फाइल मिटली.

"सगळं जुळलं, एक ड्रॉइंग सोडून. तुमच्याकडे पन्नास मार्कांचं होतं, आमच्याकडे शंभराचं आहे. तेवढं पहिल्या वर्षाबरोबर पुन्हा करा."

"पण मी त्यात पास आहे, मॅडम."

"मग अवघड जाणार नाही," असं म्हणून बाई शिक्का मारून मोकळ्या झाल्या.

घरी दादाला आयतंच कोलीत मिळालं. "पाण्याची बाटली गळ्यात अडकवून वर्गात सोडायला येऊ का गं?" धाकटीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण मनातून ती खट्टू झाली होती.

सोमवारी ती दहा मिनिटं आधीच निघाली. मागचा कोपरा धरून गुपचूप बसायचं, असा बेत होता. ड्रॉइंग हॉलचं दार ढकललं, तर साठ पोरंपोरी ताडकन उभी राहिली.

"गुड मॉर्निंग, मॅडम."

धाकटीने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"बसा," तिच्या तोंडून निघून गेलं, आणि सगळी बसलीसुद्धा. आता खरं सांगावं तर शोभा, न सांगावं तर पंचाईत. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका चष्मेवालीने हात वर केला. "मॅडम, आज सरांऐवजी तुम्ही आलात ते बरं झालं. हा साइड व्ह्यू काही केल्या कळत नाही."

याच साइड व्ह्यूपायी धाकटी एकेकाळी रडकुंडीला आली होती. तिला राहवलं नाही. तिने टेबलावरचं डस्टर उचलून आडवं ठेवलं. "ये, अशी याच्या बाजूला उभी राहा. लांबी विसर. आता काय दिसतं?"

"नुसता छोटा चौकोन."

"मग तेवढाच काढ."

आणखी चारपाच जण टेबलाभोवती गोळा झाले. समजावता समजावता आपण कोण, हेच ती विसरली.

"हा तास माझा आहे बहुतेक. आत येऊ का?" दारातून आवाज आला. पिकल्या केसांचे सर उभे होते.

धाकटी झटकन टेबलापासून बाजूला झाली. "सर, मी विद्यार्थिनी आहे. तिसऱ्या वर्षाची. मला ड्रॉइंग पुन्हा करायचंय."

हॉलभर हशा पिकला. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. सरांनी मात्र चष्मेवालीचा कागद उचलून नीट पाहिला. "मी दोनदा शिकवलं, ते यांच्या डोक्यावरून गेलं. तुमचं उतरलेलं दिसतंय. दर सोमवारी अशाच लवकर येत जा."

चष्मेवालीने सरकून जागा केली. "बसा, मॅडम."

तेच नाव पडलं. कँटीनमध्ये ज्युनिअर पोरं "मॅडम" म्हणून हाका मारायला लागली, तेव्हा तिच्या वर्गातल्या मुली, ज्या आठवडाभर तिच्याशी धड बोलल्या नव्हत्या, चहा घेऊन तिच्या टेबलाशी आल्या. "काय भानगड आहे?" तिने सगळं सांगितलं. एकीला हसताना ठसका लागला, आणि तिची पाठ चोळता चोळता मैत्रीही झाली.

निकाल लागला. धाकटीला एक्याण्णव, चष्मेवालीला त्र्याण्णव.

"तुमचे दोन कुठे गेले, मॅडम?"

"रेघ जाड आली गं," धाकटी म्हणाली, आणि तिला चहा पाजायला कँटीनकडे घेऊन गेली.