कच्ची सासू

पहिला ग्लास तिने तिरका धरून भरला, वरचा फेस सुरीने सपाट केला आणि मास्तरांपुढे ठेवला. दुसरा टपालवाल्याला, तिसरा कुलूपवाल्याला. मग हात पुसण्याचं निमित्त करून ती काउंटरमागे उभी राहिली आणि तिघांच्या तोंडांकडे बघू लागली.

ही 'सासू' होती. पबच्या मागल्या खोलीत तिचा नवरा वर्षातून एकदाच ही काळी, कडक बिअर बनवायचा. नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं, कारण ती पहिल्या ग्लासाला गोड बोलते आणि दुसऱ्याला माहेर काढते. एका वर्षी तर ती इतकी जहाल निघाली की किल्ली हातात असून कुलूपवाल्याला स्वतःच्याच घराचं दार उघडेना. जगाची कुलपं उघडणारा हा गृहस्थ शेवटी पायरीवरच झोपला. सकाळी बायकोने त्याला ओलांडून दूध आत घेतलं आणि दार पुन्हा लावून टाकलं.

नवरा गेला त्याला आता बरेच महिने झाले होते. या वर्षीची सासू तिने एकटीने, इतकी वर्षं शेजारी उभं राहून पाहिलेलं आठवून आठवून केली होती. जमली तर पब चालवायचा, नाही तर जागा दिराच्या हवाली करायची, असं तिने ठरवून टाकलं होतं. दिराला तिथे फरशांचं दुकान काढायचं होतं. तसा भला माणूस तो, आणि फरशा काय, सगळ्यांनाच लागतात.

मास्तरांनी घोट घेतला आणि अप्रतिम आहे म्हणाले. वहिनींच्या हाताला चव आहे, असं टपालवाला म्हणाला आणि त्याने ग्लास हळूच बाजूला सारला. कुलूपवाल्याने ग्लास दिव्यापुढे धरून बघितला आणि खाली ठेवला.

तिचा चेहरा उतरला. नवरा होता तेव्हा या खोलीत कुणी कुणाचं कौतुक करत नसे. बिअर पांचट आहे, खुर्ची डुगडुगते, मालकाचं थोबाड पाहूनच फेस बसतो, असं त्याच्या तोंडावर म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आत हजर व्हायचे. घरच्यापेक्षा जास्त कुरकुर जिथे करता येते तो चांगला पब, हे त्याचं लाडकं मत होतं. तो गेला आणि सगळे हळू आवाजात बोलू लागले. इतकी वर्षं तिला एकेरीत हाक मारणारे हेच तिघे आता 'वहिनी, तुम्ही' करायचे, जाताना खुर्च्या नीट आत सारून ठेवायचे. दवाखान्याच्या बाहेर बसल्यासारखं वाटायचं तिला.

उद्या भावजींना बोलावून घेते, ती म्हणाली. फरशांचं दुकान होऊ दे. मास्तर ग्लासात बघत राहिले. तुम्हाला योग्य वाटेल ते करा, असं काहीतरी पुटपुटले.

"कच्ची आहे," कुलूपवाला म्हणाला.

मास्तरांनी टेबलाखालून त्याला पाय मारला.

"लाथ काय मारतोस, मास्तर? कच्ची आहे तर आहे." तो तिच्याकडे वळला. "अगं, हिला अख्खा हिवाळा पिंपात झोपू द्यायचं असतं. महिन्याभरात उठवलीस होय? एवढी कसली घाई होती तुला?"

आपण काय बोलून गेलो ते कुलूपवाल्यालाही ऐकू आलं आणि त्याचे कान लाल झाले.

"तुम्ही यायचे बंद व्हाल म्हणून," ती म्हणाली. "एकेक करून कमी व्हायला लागलात. वाटलं, सासू आली की याल."

"तो गेल्यापासून इथे तोंड उघडायची भीती वाटते गं. तुला लागेल म्हणून." त्याचा आवाज फाटला. जिवलग मित्रच होता तो नवऱ्याचा.

"लागू दे की," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, ते तिने पुसले नाहीत.

मग मास्तरांनी घसा साफ केला. आता विषय निघालाच आहे तर, ते म्हणाले, हा नवा पडदा भयंकर आहे. टपालवाल्याला पडद्याचं काही नव्हतं, पण ग्लासांना साबणाचा वास येतो आणि तो कधीपासून गुपचूप सोसतोय. आणि तो दिवा, मास्तर म्हणाले. दिव्यावरून दोघांचं जुंपलं.

तिने तिन्ही ग्लास उचलून सिंकमध्ये ओतले. मागल्या खोलीत जाऊन पिंपाचं बूच हातोडीने पुन्हा घट्ट ठोकून बसवलं आणि दारातूनच ओरडून सांगितलं, "हिवाळा संपल्यावर उघडू. तोवर साधी प्या, मेल्यांनो."