नकाशातली सरळ रेघ

जरफ्शान नदीच्या खोऱ्यात माझ्याइतकं नेटकं खोटं कुणाला जमत नाही, हे माझे शत्रूसुद्धा कबूल करतात. खाणीतल्या गाढवाच्या डोळ्यांत मी सुरमा घातला, त्याला अंधारात दिसायला लागलं, मग साहेबानं त्याच्या वाट्याचा कंदील काढून घेतला आणि गाढव रुसून डोंगर उतरलं, ही गोष्ट मी चहाखान्यात चाळीस वर्षं सांगतोय. तिनं कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते एकाच खोट्यानं, आणि ते मी तोंडानं बोललोही नव्हतो. कागदावर काढलं होतं.

मंगळवारी सकाळी जुन्या बोगद्याचं छत बसलं आणि पाणी उपसायच्या पंपावरचा हमरोकुल आत अडकला. ढिगारा उपसायला चार दिवस लागणार होते, आतली हवा जेमतेम दीड दिवसाची. जुन्याच्या खाली तीस मीटरवर नवा बोगदा आहे. तिथून वर एक भोक पाडायचं, नळी घालायची, हवा-पाणी पोचवायचं, असं ठरलं. एका भोकाला एक दिवस. चुकलं तर दुसऱ्याला वेळ नव्हता.

इंजिनिअर अस्लिद्दीननं जुना नकाशा कंदिलाखाली धरला होता. त्यावर बोगद्याची रेघ पट्टीनं मारल्यासारखी सरळ होती. नव्या बोगद्यात भोक पाडायचं मशीन त्या रेघेखाली उभं केलेलं. मी जाऊन मशीनपुढेच उभा राहिलो.

"बोबो, बाजूला व्हा," अस्लिद्दीन म्हणाला. आमच्याकडं म्हाताऱ्याला बोबोच म्हणतात.

"वर इथं बोगदा नाहीच. तो डावीकडं वळलाय."

"आज गाढव नको हं, बोबो," मागून कुणीतरी म्हणालं. हसलं मात्र कुणी नाही.

"ही रेघ माझ्या टोळीनं मारलीय," मी म्हणालो. "त्र्याऐंशी साली. वरून हुकूम होता, पांढऱ्या गारगोटीच्या शिरेबरोबर सरळ जा. पण महिन्याला ठरवून दिलेलं सुरम्याच्या दगडाचं वजन भरेना. सुरमा डावीकडं दिसला, आम्ही तिकडं वळलो. वजन भरलं, मला शाबासकीचा कागद मिळाला, आणि नकाशावर मी सरळच काढलं. वळण इतकं मंद की आत चालताना कुणाला कळत नाही. टोळीतले बाकीचे तिघं पुढं एकेक करून मेले. उरलो मी."

अस्लिद्दीनचा चेहरा लाल झाला. "चाळीस वर्षं गप्प बसलात, आणि आता ऐन वेळी सुचलं? कशावरून खरं?"

"माझ्यावरून नकोच. दगडाला विचारा."

राजधानीहून, दुशांब्याहून आलेली मोहबेगिम दगडांची जाणकार. वयानं माझ्या नातीएवढी. ती म्हणाली, "चला, दाखवा."

मी बादलीभर पाणी भिंतीवर ओतलं. काळ्या दगडातली पांढऱ्या गारगोटीची शीर चमकली.

"डोंगराच्या पोटात कढत पाणी कोंडलेलं होतं," मी म्हणालो. "भूकंपानं डोंगर फाटला की ते भेगेत घुसायचं. कोंडलेला जोर सुटला की पाण्यात विरघळलेलं सगळं भेगेत साचायचं. ही गारगोटी, आणि तिच्यात डोळ्याला न दिसणारं सोनं. भेग बुजायची. पुन्हा भूकंप, पुन्हा फाट, पुन्हा नवा थर. जखम सांधत राहावी तसं."

"हे बरोबर आहे," मोहबेगिम पुटपुटली.

"सुरमा शेवटी आला. तोवर पाणी निवत आलं होतं. आणि शेवटची भेग जुन्या वाटेनं गेली नाही. हे बघ."

करड्या, सुयांसारख्या सुरम्याची बोटभर पट्टी पांढऱ्या गारगोटीला तिरकी कापत होती. मोहबेगिमनं भिंग लावलं. "गारगोटी तुटलीय, सुरमा सलग आहे. म्हणजे सुरमा नंतरचाच." पट्टी शिरेतून बाहेर पडून डावीकडं काळ्या दगडात चढली होती. तिनं होकायंत्र धरलं, चढ मोजला, आकडे मांडले. "ही अशीच वर गेली असेल, तर जुन्या बोगद्याच्या पातळीला नकाशापासून अकरा मीटर डावीकडं."

"शीर गेली असेल," अस्लिद्दीन म्हणाला. "पण बोगदा तिच्यामागं गेला, हे पुन्हा यांच्याच शब्दावर ना? एका माणसाचा जीव मी यांच्या शब्दावर टाकू?"

 

तेव्हा हमरोकुलची आई पुढं आली. ओयसफर. सकाळपासून ती भिंतीला टेकून बसली होती, रडली नव्हती.

"हा खोटारडा आहे," ती म्हणाली. "माझ्या लग्नात यानं सांगितलं होतं की नवरदेवाला यानंच लांडग्याच्या तोंडातून सोडवलाय. पण याच्या प्रत्येक खोट्यात हा स्वतः मोठा होतो. स्वतःला लहान करणारं खोटं मी याच्या तोंडून कधी ऐकलं नाही." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पोरगा माझा आहे. मशीन डावीकडं घ्या."

मशीन अकरा मीटर सरकवलं. भोक चढायला लागलं. गार पाण्याबरोबर आधी काळा चिखल खाली येत होता, मग करडा, चमचमता, सुरम्याचा. मोहबेगिम प्रत्येक ओंजळ बोटांत चोळून बघायची.  ओयसफरनं एकदा अर्धी भाकर माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि परत भिंतीशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनचा आवाज एकदम हलका झाला. पुढं दगड नव्हता. अस्लिद्दीननं ते बंद केलं, दांडे उतरवायला लावले, नळी वर सारली. 

"हमरोकुल!" ओयसफर नळीला तोंड लावून म्हणाली. "अरे, मी आहे."

 मी जमिनीकडं बघत राहिलो. मग नळीवर वरून दगड आपटल्याचा आवाज आला. टक. थांबून पुन्हा, टक.

पाचव्या दिवशी ढिगारा उपसून त्याला काढलं. छताखाली चेंगरलेला उजवा पाय गेला, जीव राहिला. ओयसफरनं माझ्या त्या रेघेबद्दल मला कधी बोल लावला नाही, पण माझ्या दारावरून ती अजून तोंड फिरवून जाते.

अस्लिद्दीननं नकाशा माझ्यापुढं पसरला आणि पेन्सिल दिली. मी सरळ रेघ खोडली आणि शीर गेली तशी नवी काढली. त्यानं विचारलं, "आणखी कुठं असं केलंय?"

"दोन ठिकाणी," मी म्हणालो, आणि पुढचा नकाशा मागितला.